पिंपरीची बुरशी आणि स्वार्थाचा हिशेब

‘माणूस मुळातच स्वार्थी आहे’ हे वाक्य आपल्याला शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतही भेटते. अलीकडे त्याला उत्क्रांतीचा दाखला जोडण्याची पद्धत पडली आहे. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकाला ‘स्वार्थी जनुक’ अशा अर्थाचे नाव दिले. पुस्तक वाचले थोड्यांनी, नाव मात्र सर्वांच्या लक्षात राहिले. या वाक्यात तथ्य किती, हे तपासण्यासाठी पुण्याजवळच एक चांगले उदाहरण आहे. ते म्हणजे पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना.

पिंपरी-चिंचवड म्हटले की आज मोटारी, स्कूटरी आणि चाकणपर्यंत पसरलेली कारखानदारी डोळ्यांसमोर येते. पण या वाहनांच्या आधी येथे बुरशी आली. मार्च १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. प्रचंड टाक्यांमध्ये पेनिसिलियम बुरशी वाढवायची, तिला साखर व हवा पुरवायची आणि तिने बाहेर टाकलेले रसायन वेगळे करायचे, असे हे काम.

बुरशी हे रसायन माणसासाठी बनवत नाही, हे उघड आहे. पेनिसिलिन जीवाणूंची पेशीभित्तिका नीट बनू देत नाही. त्यामुळे एकाच अन्नावर टपलेले जीवाणू मरतात आणि बुरशीला वाव मिळतो. म्हणजे शुद्ध स्वार्थ! पण जीवाणूही गप्प बसलेले नाहीत. पेनिसिलिन रुग्णाला टोचले जाण्यापूर्वीच, १९४० साली, ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिनची मोडतोड करणारे विकर काही जीवाणूंमध्ये शोधून काढले होते.

येथे गोष्ट गुंतागुंतीची होते. हे विकर बनवायला जीवाणूला खर्च येतो, पण त्याचा लाभ त्याच्यापुरता राहत नाही. आसपासचे पेनिसिलिन कमी झाले की विकर न बनवणारे शेजारीही वाचतात. खर्च न करता फायदा मिळाल्याने हे शेजारी जोमाने वाढतात. मात्र ते फार झाले आणि विकर बनवणारे थोडे उरले, की पेनिसिलिन पुन्हा शिरजोर होते आणि फुकटे मरू लागतात. त्यामुळे दोन्ही प्रकारचे जीवाणू एकत्र टिकून राहू शकतात. यांतल्या एकाला परोपकारी आणि दुसऱ्याला लबाड म्हणणे ही आपली भाषा झाली. जीवाणूला मनच नाही.

डॉकिन्स यांच्या ‘स्वार्थी’ या शब्दाचाही असाच अर्थ आहे. ज्या जनुकाच्या प्रती पुढच्या पिढीत अधिक जातात ते टिकते, इतकेच. त्यातून निघणारे वर्तन स्वार्थीच असेल असे मुळीच नाही. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली याचे गणित मांडले. सख्ख्या भावंडांत सरासरीने निम्मी जनुके सामाईक असतात. समजा, एखाद्या कृतीत माझे १ माप नुकसान झाले आणि भावाचा ३ मापे फायदा झाला. त्याच्या फायद्याची निम्मी बाजू, म्हणजे दीड माप, माझ्या नुकसानीहून मोठी आहे. त्यामुळे असे वर्तन घडवणारे जनुक पसरू शकते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये नात्याबाहेरच्या परतफेडीचाही असाच हिशेब दाखवला. त्याच्या कितीतरी आधी, १९०२ साली, क्रोपोट्किन यांनी सायबेरियातील प्राण्यांच्या निरीक्षणावरून परस्परसाहाय्यावर पुस्तक लिहिले होते. थोडक्यात, उत्क्रांतीने आपल्याला स्वार्थ आणि सहकार्य या दोन्हींची क्षमता दिली आहे. कोणती केव्हा वर येईल, हे बऱ्याच अंशी परिस्थितीवर आणि नियमांवर ठरते.

आता पेनिसिलिनच्या माणसांकडे वळू. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली बुरशीचा परिणाम पाहिला; फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० नंतर त्याचे औषध केले. पेटंट घ्यावे असे चेन यांचे मत होते. पण वैद्यकीय शोधावर हक्क सांगणे अनुचित, असे ब्रिटनमधील वरिष्ठांना वाटले आणि तो विचार मागे पडला. १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेत गेले. तेथे पिओरियाच्या प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची पद्धत विकसित झाली, आणि तेथील अँड्र्यू मॉयर यांनी त्या पद्धतीवर पेटंटे घेतली. एकाने सोडलेला हक्क दुसऱ्याने उचलला! जीवाणूंच्या वसाहतीतला प्रसंग माणसांतही घडला.

हा धडा पुढे उपयोगी पडला. मुंबईच्या हाफकीन संस्थेचे माजी संचालक साहिब सिंग सोखी यांच्यासारख्यांचा आग्रह होता, की भारताने औषधे विकत आणत न बसता ती बनवण्याची विद्याच मिळवावी. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्याशी भारत सरकारचा करार झाला. युनिसेफने यंत्रे दिली, संघटनेने तज्ज्ञ दिले. ज्ञान दडवून न ठेवता त्याची मोकळी देवाणघेवाण व्हावी, हा या मदतीचा हेतू होता. कोणा एकाच्या चांगुलपणावर विसंबण्याऐवजी करारच लिहिला गेला. त्याचे फळही दिसले. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीत बुरशीनाशक हॅमायसिन शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

पिंपरीपासून जवळच, इंद्रायणीकाठी, देहू आहे. तुकारामांचे घराणे सावकारीचे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा निसटतो. परंपरा सांगते, की त्यांनी निम्मी खते धाकटा भाऊ कान्होबा याला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. स्वतःच्या लाभावर पाणी सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, भावाच्या लाभावर सोडण्याचा नाही, हे त्यात आले. परोपकार आणि न्याय यांतला फरक इतक्या नेमकेपणाने सांगणारी कथा वर्गात वापरण्याजोगी आहे.

हा फरक आज महत्त्वाचा आहे. फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक प्रसंग सांगितला. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. त्याच्या घशातले जीवाणू मरत नाहीत, उलट प्रतिकार शिकतात आणि त्याच्या पत्नीला लागण करतात. तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. चूक एकाची, मरण दुसऱ्याचे. हा प्रसंग आता काल्पनिक राहिलेला नाही. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकाने बरी होत नाही. तरी ‘घेऊन टाकू, आपले काय जाते?’ असे म्हणणारा प्रत्येक जण सर्वांच्या ठेव्यातून थोडे काढून घेतो.

कारखान्याची पुढची कहाणीही हेच सांगते. आर्थिक अडचणींनी तो खंगला. देशातील औषध उत्पादकांनी स्वस्त आयात माल घेतला. प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता, पण बेरीज अशी झाली की पेनिसिलिनचा मूळ पदार्थ देशात बनणेच थांबले. तो पुन्हा बनावा म्हणून २०२० साली सरकारला प्रोत्साहन योजना आखावी लागली.

म्हणून ‘माणूस स्वार्थी आहे का?’ हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा नाही. विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न विचारावा: गावाची विहीर, शाळेचे ग्रंथालय, दवाखान्यातले प्रतिजैविक यांपैकी प्रत्येकाबाबत एकाने जास्त घेतले तर तोटा कोणाला होतो, आणि तो होऊ नये म्हणून कोणता नियम आपण सर्वांनी पाळायला हवा? उत्तरे वेगवेगळी येतील. ती फळ्यावर लिहून त्यांवर वर्गात वाद होऊ द्यावा.