अटलांटिकमध्ये हरिकेन उठलं की हौशी हवामानवेडे नेमकं काय बघतात? आणि नकाशावरचा तो शंकू कसा वाचायचा?

ऑगस्ट-सप्टेंबर आला की सोशल मीडियावर एक ठरावीक चित्र फिरायला लागतं. निळा समुद्र, त्यात एक लाल भोवरा आणि भोवऱ्यातून निघून थेट फ्लोरिडाकडे धावणाऱ्या रंगीबेरंगी रेषा. चित्र टाकणारा माणूस बहुतेक वेळा शास्त्रज्ञ नसतो. तो असतो एखादा कॉलेजचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक किंवा किनाऱ्यावर घर असलेला सामान्य माणूस, ज्याला वादळांचं वेड लागलेलं असतं.

अमेरिकेत अशा हौशी मंडळींची मोठी फौज आहे. अटलांटिकचा हरिकेन हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि १० सप्टेंबरच्या आसपास तो ऐन भरात येतो. या काळात ही मंडळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सरकणारा ढगांचा प्रत्येक पुंजका बघत असतात. त्यातले बहुतेक पुंजके विरून जातात. एखादाच मोठा होतो आणि मग पुढचे पाच-सहा दिवस कोणाला झोप नसते.

हे शक्य होतं त्याचं कारण साधं आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं तयार केलेल्या माहितीवर तिथे कॉपीराइट नसतो. उपग्रहाचे फोटो, विमानांची मोजमापं, संगणकाच्या मॉडेलचे आकडे असं जे मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरमधल्या तज्ज्ञांसमोर येतं, त्यातलं बरंचसं जवळपास त्याच वेळी कोणालाही फुकट बघता येतं. हवामानशास्त्रज्ञ लेवी कोवान यांच्या ट्रॉपिकल टिडबिट्ससारख्या साइटनं तर हे आकडे रंगीत नकाशांत मांडून सगळ्यांसमोर ठेवलेत. आकडे सगळ्यांकडे आहेत. ते वाचायचे कसे, यावर मात्र जिवाचा प्रश्न अवलंबून असतो. २०२२ च्या इयान वादळात ते दिसलं. तिकडे वळण्याआधी ही मंडळी बघतात काय ते समजून घेऊ.

घड्याळ लावून बसलेली माणसं

हरिकेन सेंटरचं बुलेटिन दर सहा तासांनी येतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. आपल्याकडे तेव्हा अनुक्रमे दुपारचे अडीच, रात्रीचे साडेआठ, मध्यरात्रीनंतरचे अडीच आणि सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मधेही, दर तीन तासांनी, माहिती येते.

पण हौशी लोक बुलेटिनची वाट बघत नाहीत. त्यांचं लक्ष असतं मॉडेलवर. मॉडेल म्हणजे वातावरणाचं गणित सोडवणारा अवाढव्य संगणकी कार्यक्रम. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपीय केंद्राचं मॉडेल ही दोन नावं सतत कानावर येतात. ही मॉडेल दिवसातून चार वेळा चालतात आणि प्रत्येक वेळी वादळाचा नवा रस्ता दाखवतात. क्रिकेटच्या स्कोअरसारखी त्यावर चर्चा रंगते. सकाळी वादळ पश्चिमेला सरकलं, दुपारी पूर्वेला आलं, 'आमचं' मॉडेल बरोबर, 'तुमचं' चुकलं वगैरे.

इथे एक गोम आहे. जीएफएस १६ दिवस पुढचं चित्र काढतं. दहाव्या दिवसानंतर त्यात एखादं राक्षसी वादळ न्यूयॉर्कवर आदळताना दिसू शकतं आणि सहा तासांनी आलेल्या पुढच्या चित्रात ते गायब झालेलं असतं. मुरलेले हवामानवेडे त्याकडे मनोरंजन म्हणून बघतात. व्हायरल मात्र नेमका तोच स्क्रीनशॉट होतो.

रंगीत रेषांच्या त्या जुडग्याला तिकडे स्पॅगेटी म्हणतात, शेवयांचा गुंता म्हणा हवं तर. त्यातली प्रत्येक रेषा म्हणजे एक अंदाज, पण सगळ्या रेषांची लायकी सारखी नसते. काही रेषा मोठ्या मॉडेलच्या असतात. एक रेषा तर वादळ आत्ता ज्या दिशेला जातंय तीच पुढे सरळ ओढलेली असते. तिच्यात अंदाज काहीच नसतो, ती फक्त तुलनेसाठी असते. तीही त्याच चित्रात, तितक्याच झोकात काढलेली असते, आणि बघणारा घाबरतो.

त्यापेक्षा उपयोगी असतो एकाच मॉडेलचा संच. सुरुवातीच्या आकड्यांत बारीक बारीक फरक करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात, जीएफएसचं ३१ वेळा, युरोपीय मॉडेलचं ५१ वेळा. सगळे रस्ते जवळजवळ आले तर भरवसा जास्त. पंख्यासारखे पसरले तर निसर्गानं अजून मन बनवलेलं नाही.

वादळात शिरणारी विमानं

या छंदातला सगळ्यात थरारक भाग म्हणजे वादळात शिरणारी विमानं, म्हणजेच 'हरिकेन हंटर्स'. १९४३ मध्ये जोसेफ डकवर्थ या अमेरिकी अधिकाऱ्यानं टेक्सासमध्ये एका हरिकेनच्या डोळ्यात प्रशिक्षणाचं छोटं विमान घातलं. त्यामागे संशोधनाचा हेतू नव्हता. सोबतच्या ब्रिटिश वैमानिकांशी लागलेली ती पैज होती.

आज हे काम अमेरिकी हवाई दलाची ५३ वी तुकडी करते. तिचा तळ मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सीला आहे. शिवाय नोआ या सरकारी संस्थेची फ्लोरिडात असलेली पी-३ विमानं आहेत. 'मपेट्स' या कठपुतळ्यांच्या कार्यक्रमातल्या पात्रांवरून त्यांना कर्मिट आणि मिस पिगी अशी नावं दिली आहेत.

विमान वादळ आरपार कापत जातं आणि वाटेत ड्रॉपसोंड टाकतं. ड्रॉपसोंड म्हणजे छोट्या पॅराशूटला बांधलेली नळी. समुद्रात पडेपर्यंत ती हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजून कळवत राहते. ही माहिती सांकेतिक आकड्यांच्या ओळींत बाहेर येते. अनुभवी हौशी माणूस ती ओळ बघून सांगतो, की डोळ्यातला दाब गेल्या फेरीपेक्षा घसरलाय. दाब घसरला म्हणजे वादळ जोर धरतंय.

शंकू: सगळ्यात जास्त बघितलेलं आणि सगळ्यात जास्त चुकीचं वाचलेलं चित्र

हरिकेन सेंटरच्या नकाशावर वादळापासून निघून पुढे रुंद होत जाणारा पांढरा पट्टा असतो. त्याला अनिश्चिततेचा शंकू म्हणतात. अनेकांना वाटतं, शंकू म्हणजे वादळाचा आकार. म्हणजे आत असलेल्यांचं नुकसान होणार आणि बाहेरचे सुरक्षित. तसं अजिबात नाही.

शंकू फक्त एका बिंदूबद्दल बोलतो, वादळाच्या केंद्राबद्दल. मागच्या पाच वर्षांत सेंटरचे अंदाज किती चुकले ते बघून शंकूची रुंदी ठरते. ती अशी ठेवतात की केंद्र साधारण दोन तृतीयांश वेळा शंकूच्या आत राहावं. म्हणजे तीनातल्या एका वेळी केंद्र बाहेर जाणार, हे गृहीतच धरलेलं असतं. २०२२ मध्ये तीन दिवसांनंतरच्या जागेसाठी शंकूची त्रिज्या सुमारे १८५ किलोमीटर होती आणि पाच दिवसांसाठी सुमारे ३७० किलोमीटर. वारा, पाऊस आणि समुद्राचं पाणी तर शंकूच्या कितीतरी बाहेर पोहोचतं.

दुसरी गोष्ट, दर वादळाला शंकू बदलत नाही. एका हंगामात सगळ्यांना तीच रुंदी. वादळ सरळमार्गी असो की लहरी, शंकू तेवढाच.

या शंकूवरून राजकारणही झालं. २०१९ मध्ये डोरियन वादळाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पत्रकारांना दाखवलेल्या नकाशावर शंकूला काळ्या मार्करनं जोड दिलेला होता, अलाबामा राज्यापर्यंत. त्याआधीच अलाबामातल्या हवामान कार्यालयानं राज्याला धोका नसल्याचं जाहीर केलं होतं.

इयान: सगळ्यांचे डोळे टॅम्पावर

२३ सप्टेंबर २०२२ ला कॅरिबियन समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि त्याच रात्री त्याला इयान हे नाव मिळालं. अमेरिकी मॉडेल त्याला पश्चिमेला, फ्लोरिडाच्या वरच्या बाजूला नेत होतं. युरोपीय मॉडेल पूर्वेकडे ओढत होतं. मधोमध होता टॅम्पाचा उपसागर, दाट वस्तीचा आणि उथळ. गेली शंभर वर्षं मोठ्या हरिकेनचा थेट तडाखा न बसलेलं हे महानगर सगळ्यांच्या चिंतेचा विषय झालं. टीव्हीचे वार्ताहर तिकडे पोहोचले.

फ्लोरिडाचा पश्चिम किनारा दक्षिणोत्तर आहे आणि इयानही दक्षिणेकडून वर येत होतं. वादळ किनाऱ्याला जवळजवळ समांतर चालत असेल, तर दिशेत चार-पाच अंशांचा फरक पडला तरी धडकण्याची जागा शेकडो किलोमीटर सरकते. समोरून येणाऱ्या वादळात हा घोळ एवढा होत नाही.

२७ सप्टेंबरला पहाटे इयाननं क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांताला झोडपलं. त्या दिवशी संपूर्ण क्युबाची वीज गेली. मग अंदाज पूर्वेकडे सरकत गेले. टॅम्पाच्या हिल्सबरो काउंटीनं २६ तारखेलाच लोकांना घरं सोडायला सांगितलं होतं. दक्षिणेच्या ली काउंटीनं तोच आदेश २७ तारखेला सकाळी दिला. २८ सप्टेंबरला दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी इयान ली काउंटीतल्या कायो कोस्टा बेटावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता.

टॅम्पा तिथून साधारण १४० किलोमीटर उत्तरेला. तिथे उलटंच झालं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि उपसागरातलं पाणी मागे हटलं. लोक उघड्या पडलेल्या तळावर चालायला गेले, आणि 'परत फिरा' असं प्रशासनाला सांगावं लागलं. त्याच दिवशी ली काउंटीतल्या फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढलं.

अमेरिकेत इयाननं दीडशेहून जास्त बळी घेतले. हरिकेन सेंटरच्या अहवालानुसार त्यातले ६६ मृत्यू थेट वादळामुळे झाले, त्यापैकी ४१ समुद्राच्या पाण्यानं, आणि त्या ४१ मधले ३६ एकट्या ली काउंटीत.

'टॅम्पाला येणार होतं, इकडे कसं आलं?' असा सूर नंतर उमटला. पण फोर्ट मायर्सचा परिसर शंकूत होता, कडेला का होईना. लोक बघत होते मधली काळी रेषा. आणखी बोचरी गोष्ट म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं. २००४ मध्ये चार्ली वादळही टॅम्पाकडे निघालं होतं, ऐनवेळी उजवीकडे वळलं आणि धडकलं कुठे? याच कायो कोस्टावर, साधारण तेवढ्याच वेगानं. हरिकेन सेंटर आपला नकाशा मधल्या रेषेशिवायही देतं. २०२४ पासून किनाऱ्यापासून आतल्या भागांतले वाऱ्याचे इशारेही दाखवणारा नवा नकाशा प्रायोगिक म्हणून सुरू केला आहे.

'कॅटेगरी' पाण्याबद्दल काही सांगत नाही

वादळाला १ ते ५ अशी कॅटेगरी देणारी सॅफिर-सिम्पसन मोजपट्टी फक्त वारा मोजते. ताशी ११९ किलोमीटरला कॅटेगरी १ सुरू होते, २५२ च्या पुढे ५. पाऊस किती, समुद्र किती चढणार, वादळ किती पसरलंय, याचा तिच्यात हिशेब नाही. २००५ चं कॅटरिना लुइझियानात धडकलं तेव्हा कॅटेगरी ३ चं होतं. त्यात १३०० हून जास्त माणसं गेली. 'कॅटेगरी उतरली' ही पोस्ट दिसली की म्हणूनच लगेच हायसं वाटून घेऊ नये.

हौशी लोकांचा खरा उपयोग

सगळेच स्क्रीनशॉट टाकून थांबत नाहीत. १९६५ च्या बेट्सी वादळात हॅम रेडिओवाल्यांनी सुरू केलेलं हरिकेन वॉच नेट आजही १४.३२५ मेगाहर्ट्झवर चालतं. मोबाइल टॉवर पडल्यावर बेटांवरचे हौशी लोक तिथून दाब आणि वारा कळवतात. हरिकेन सेंटरच्या इमारतीत त्यासाठी स्वयंसेवकांचं रेडिओ केंद्रच आहे, डब्ल्यूएक्स४एनएचसी नावाचं.

खोट्या गोष्टी पकडण्यातही ही मंडळी पटाईत असतात. पाणी भरलेल्या हायवेवर पोहणाऱ्या शार्कचा बनावट फोटो जवळपास प्रत्येक वादळात परत येतो. गंमत अशी की इयानच्या वेळी फोर्ट मायर्समधल्या एका परसात शार्कसारखा मासा पोहतानाचा व्हिडिओ आला, तेव्हा सगळे हसले. पडताळणी झाली आणि व्हिडिओ खरा निघाला. मासा शार्कच होता का, यावर मात्र तज्ज्ञांचं एकमत झालं नाही.

आपल्याकडे काय?

भारतीय हवामान विभागही चक्रीवादळाच्या मार्गाचा असाच शंकू देतो. मुंबईतले हौशी लोक पावसाळ्यात कुलाब्याच्या रडारची चित्रं टाकतात, तेही याच जातकुळीतले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ येताना बातम्यांमध्ये मुंबई होती. अंदाज मात्र हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्याचा, अलिबागजवळचा होता. ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. 'मुंबई वाचली' म्हणत शहरानं सुस्कारा टाकला, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या.

अटलांटिकमधल्या वादळांच्या नावांच्या सहा याद्या आहेत आणि त्या आलटून पालटून वापरल्या जातात. फार नुकसान करणाऱ्या वादळाचं नाव यादीतून कायमचं काढतात. २०२२ ची यादी २०२८ मध्ये परत येईल तेव्हा त्यात इयान नसेल. त्याच्या जागी इद्रिस हे नाव ठेवलं आहे.