कुरणाचे फाटक आणि गजराचे घड्याळ

घोडा दिसायला दांडगा, पण पोटाच्या बाबतीत फार नाजूक. गाय भराभर चरते आणि मग सावलीत बसून रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहते. म्हणून मोकळा घोडा दिवसातले १४ ते १६ तास थोडे थोडे चरत असतो. रात्रभर ठाणावर उपाशी राहिला तर पोटात व्रण होण्याची भीती असते. उलट कोवळ्या गवतावर दिवसभर सोडला तर गवतातल्या साखरेने काही घोड्यांचे खूर सुजतात आणि जनावर लंगडे होते. ही साखर दिवसभराच्या उन्हाने वाढते आणि पहाटे बहुधा कमी असते. म्हणजे अशा घोड्यासाठी कुरणाचे फाटक उघडायला पहाटेची वेळ उत्तम, आणि तीही रोजची!

आता रोज पहाटे उठायचे कोणी? राजेरजवाड्यांच्या पागेत त्यासाठी मोतद्दार असे. पण ज्याच्याकडे दोनच घोडी आहेत आणि सकाळी स्वतःलाही कामावर जायचे आहे, त्याने काय करावे? आपोआप उघडणाऱ्या स्वस्त फाटकांचा विचार अशाच माणसांनी केला. त्यांच्या युक्त्यांचे मूळ शोधू लागलो की आपण थेट देवळाच्या दारात जाऊन पोचतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात हेरॉन नावाचा एक यंत्रज्ञ होता. देवळाची दारे आपोआप उघडण्याची रचना त्याने लिहून ठेवली आहे. वेदीवर विस्तव पेटवायचा. खालची हवा तापून फुगते आणि गोलातले पाणी एका बादलीत ढकलते. बादली जड होऊन खाली जाते आणि तिच्या दोरीने दाराचे खांब फिरतात. विस्तव विझला की पाणी परत जाते आणि दुसऱ्या बाजूचे वजन दार मिटवते. भक्तांना चमत्कार वाटावा अशीच ही योजना. पण नीट पाहा, दार ओढते ते बादलीचे वजन. विस्तवाने फक्त तोल ढळवला. दार उघडायला लागणारी ताकद आधीच साठवून ठेवायची आणि वेळ आली की ती नुसती मोकळी करायची, हे ते तत्त्व. स्वस्त फाटकाचे सारे रहस्य यातच आहे.

पुढे अमेरिकेत १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मोकळ्या माळरानांवर कुंपणे उभी राहू लागली. कुंपण आले की फाटक आले, आणि फाटक आले की गाडीतून उतरा, उघडा, पुढे जा, पुन्हा उतरा, लावा! मोटारी आल्यावर लोक याला फारच कंटाळले. मग रस्त्यात खड्डा खणून त्यावर आडव्या दांड्या टाकायची युक्ती रुळली. त्यावरून मोटार जाते, गाय जात नाही. टेक्सासकडे मोटारीने ढकलले की उघडणारी आणि मागे आपोआप मिटणारी फाटकेही झाली. पण या सोयी माणसाच्या होत्या. दांड्यांमध्ये पाय अडकून घोड्याचा पाय मोडू शकतो. घोड्याला फाटकच हवे.

खास घोड्यासाठी दार उघडायची सोय झाली ती शहरात, बंबखान्यात. बोस्टनमध्ये १८५२ साली आगीची वर्दी तारेने देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे बंब ओढायला घोडे आले. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बंबखान्यांनी या दोन्हींची सांगड घातली. वर्दीची घंटा वाजली की त्याच विजेने ठाणाची खिट्टी सुटे आणि दार उघडे. घोडा आपणहून धावत येऊन बंबापुढे उभा राही. वर टांगलेला साज त्याच्या अंगावर सोडला जाई आणि गळपट्टा खटकन बसे. काही सेकंदांत बंब बाहेर! इथेही विजेचे काम खिट्टी सोडण्यापुरतेच. बाकीचे घोड्याच्या अंगवळणी पडलेले असे. न्यूयॉर्कमध्ये अशा घोड्यांची शेवटची फेरी ब्रुकलिनमध्ये २० डिसेंबर १९२२ रोजी झाली.

यात घोड्याचा वाटा किती मोठा होता ते बोस्टनला १८७२ मध्येच कळले होते. त्या वर्षी घोड्यांमध्ये फ्लूची साथ पसरली. नोव्हेंबरमध्ये शहराला भयंकर आग लागली, तेव्हा आजारी घोड्यांऐवजी माणसांना बंब ओढावे लागले. दार कितीही चटकन उघडो, आत धडधाकट घोडा हवा.

शेतकऱ्याकडे तारेची व्यवस्था कुठून असणार? त्याच्याकडे गजराचे घड्याळ होते. हव्या त्या वेळेला लावता येईल अशा गजराचे पेटंट फ्रान्समध्ये आंतवान रेदिए याने १८४७ साली घेतले, आणि पुढे किल्लीची छोटी घड्याळे घरोघरी पोचली. अशा घड्याळाचा गजर वाजू लागला की मागची किल्ली उलटी फिरते. तिला दोरी बांधली की ती गुंडाळली जाते आणि खिट्टी ओढते. फाटक वजनाने किंवा स्प्रिंगने उघडायला टपलेलेच असते. खर्च म्हणाल तर एक घड्याळ आणि हातभर दोरी.

आज घड्याळाची जागा बॅटरीच्या यंत्राने घेतली आहे. न्यूझीलंडमधले गोपालक अशी वेळ लावलेली खिट्टी फाटकाला बसवतात आणि गाई दूध काढायच्या जागी आपणहून चालत येतात. घोडेवालेही तेच वापरतात. कोणी विजेचे चुंबकी कुलूप लावून ठरल्या वेळी त्याचा प्रवाह तोडतात.

पण इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. चुंबकी कुलपाची वीज मध्यरात्री गेली तरी फाटक उघडणारच. बंबखान्यात दार चुकून उघडले तर फार तर घोडा आपल्या जागी येऊन उभा राहील, पण उघडलेच नाही तर शहर जळेल. कुरणात नेमके उलटे आहे. फाटक उघडले नाही तर घोडा काही तास भुकेला राहील, पण नको तेव्हा उघडले तर तो रस्त्यावर जाऊन गाडीखाली सापडेल. म्हणून जाणती माणसे आपोआप उघडणारे फाटक फक्त आतल्या कुंपणाला बसवतात. बाहेरच्या फाटकाला कडी आणि कुलूप, तेही हाताने लावलेले. शिवाय घोडी वेळ ओळखतात आणि आधीच दाराशी गर्दी करतात, म्हणून फाटक त्यांच्या अंगावर न येता पलीकडे उघडले पाहिजे.

हेरॉनपासून आजपर्यंत दार उघडणे कधी फार महाग नव्हते. विचार करायचा तो एवढाच, की यंत्र चुकले तर ते कोणत्या बाजूला चुकावे? याचे उत्तर देवळात एक, बंबखान्यात दुसरे आणि कुरणात तिसरे. ते आधी ठरवले की मग मालकाने पहाटे खुशाल झोपावे. घोडा त्याच्या वेळेला बाहेर पडेलच.