वशिंडाचा बैल आणि नाचणीचं रान

पिरनवाडीतल्या एका ओळखीच्या घरी नाताळचा गोठा मांडला होता. बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढरं, गाढव ही सगळी मंडळी बाजारातली, प्लास्टरची, गुलाबी गालांची. बैल तेवढा निराळा. कच्च्या मातीचा, बोटांनी दाबून घडवलेला, शिंगांच्या टोकांना लाल रंग आणि पाठीवर ठसठशीत वशिंड. त्या वशिंडावर माझी नजर खिळली. इटली-पोर्तुगालच्या गोठ्यातल्या बैलाची पाठ सपाट असते, कारण तिकडच्या गुरांना वशिंडच नसतं. म्हणजे हा बैल इथला. घरच्या मामींनी उलगडा केला : आधीचा प्लास्टरचा बैल फुटला, तेव्हा शेजारणीने मण्णेत्तिन अमावास्येच्या जोडीतला एक दिला.

ज्येष्ठ अमावास्येला बेळगाव भागात मातीचे बैल पुजतात, ती ही अमावास्या. पंधरा दिवस आधी, ज्येष्ठ पौर्णिमेला, कर्नाटकी बेंदूर होऊन गेलेला असतो. शेतकऱ्याच्या या दोन सणांमधला बैल नाताळच्या गोठ्यात जाऊन बसला होता आणि त्याच्या पायांशी नाचणीचे कोंभ हिरवेगार उभे होते. या बैलाचा आणि या कोंभांचा माग काढत गेलं की वाट थेट असिसीच्या फ्रान्सिसपर्यंत पोचते, असं माझं ठाम मत आहे.

मुळात गोठ्यात बैल आला कुठून? लूकच्या शुभवर्तमानात फक्त गव्हाण आहे. जनावराचं नाव नाही. बैल आणि गाढव आले ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला मालकाची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही, असा तिथे आशय आहे. पुढे मत्तयच्या नावावर खपणाऱ्या एका अप्रमाण शुभवर्तमानाने ही दोन्ही जनावरं बाळाशेजारी आणून उभी केली. चौथ्या शतकातल्या काही दगडी शवपेट्यांवर तर मरिया-योसेफही नाहीत. बाळ आणि दोन जनावरं, बस्स.

आता ग्रेच्चो. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी फ्रान्सिसच्या ‘धाकटे बंधू’ या संघाच्या नियमावलीवर मोहोर उठवली. रोमहून परतताना फ्रान्सिस रिएती खोऱ्यातल्या ग्रेच्चो या डोंगरी गावी थांबला. नाताळला दोनेक आठवडे असताना त्याने जोव्हान्नी नावाच्या तिथल्या सरदाराला निरोप धाडला : गव्हाण मांड, सुकं गवत आण, बैल आणि गाढव उभं कर. बाळाला अंथरुणापांघरुणाविना गवतावर कसं निजवलं, ते मला डोळ्यांनी बघायचं आहे. चेलानोच्या थॉमसने ही हकिकत फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच लिहून ठेवली. त्या रात्री रान मशालींनी उजळलं, गव्हाणीवर मिस्सा झाली आणि फ्रान्सिसने स्वतः शुभवर्तमान गायलं.

थॉमस मरिया-योसेफाच्या मूर्तीचा उल्लेख करत नाही, बाळाच्या मूर्तीचाही नाही. तिथे जमलेल्या एकाला गव्हाणीत निजलेलं मूल दिसल्याचं तेवढं तो सांगतो. पुढे तो जे लिहितो ते सहसा कुणी सांगत नाही. गव्हाणीतलं गवत लोकांनी जपून ठेवलं, आजारी गुरांना चारलं आणि गुरं बरी झाली. अडलेल्या बायकांच्या अंगावरही ते गवत ठेवत. पहिल्या गोठ्याचा प्रसाद म्हणजे वैरण होती!

फ्रान्सिसला नाताळ हा सणांचा सण वाटे. थॉमसच्याच दुसऱ्या चरित्रात त्याची एक इच्छा नोंदली आहे. सम्राटाची गाठ पडली तर मी त्याला एक फर्मान काढायला सांगेन : या दिवशी ज्याला जमेल त्याने रस्त्यांवर धान्य टाकावं, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, पोटभर मिळेल. आणि बैलांना, गाढवांना नेहमीपेक्षा जास्त दाणा-वैरण घालावी. बेंदराच्या दिवशी बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

गोठ्याचं श्रेय फ्रान्सिसला द्यायला अनेक जाणकार तयार नसतात. रोमच्या सान्ता मारिया माज्जोरेत गव्हाणीचं पूजास्थान कित्येक शतकं आधीपासून होतं, मेंढपाळांची नाट्यं अकराव्या शतकापासून चर्चमध्ये होत होती, आणि आज आपण मांडतो तसा मूर्तींचा गोठा म्हणाल तर १५६२ मध्ये जेझुइटांनी प्राग शहरात मांडलेल्या गोठ्याचं उदाहरण देतात. सगळं खरं. पण सान्ता मारिया माज्जोरेसाठी १२९१ च्या सुमारास शिल्पकार आर्नोल्फोकडून दगडी मूर्ती घडवून घेणारे पोप चौथे निकोलस कोण होते? पोपपदावर बसलेले पहिले फ्रान्सिस्कन. इतरांकडे प्रतिमा होत्या, नाटकं होती. गुरांची वैरण आणि देवाचं बाळ एका जागी आणण्याचं काम ग्रेच्चोत झालं, हा माझा मुद्दा.

फ्रान्सिस्कन मराठी मुलखात आले ते फार लवकर. १३२१ साली ठाण्यात चौघा बंधूंचा वध झाला आणि पोर्देनोनेच्या ओदोरिकने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. ती कथा मोठी आहे, पण गोठ्याशी तिचा संबंध नाही. गोव्यात ते १५१७ मध्ये स्थिरावले. मुंबईजवळ बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने चर्च केलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तो अध्याय संपला.

आपल्या कामाचा आहे गोव्यातला बार्देश. १५५५ मध्ये हा महाल फ्रान्सिस्कनांच्या वाट्याला आला. गोव्यातलीच साष्टी जेझुइटांकडे गेली. पुढची दोनशे वर्षं बार्देशची गावं फ्रान्सिस्कनांनी सांभाळली : पॅरिश चालवायची, पोरांना शिकवायचं, लोकांची बोली शिकायची. गास्पार दे सांव मिगेलसारख्या बंधूने कोंकणीचं व्याकरणही रचलं. मांडवीच्या मुखाशी वेरें इथे त्यांनी बार्देशातलं पहिलं चर्च बांधलं आणि त्याला नाव दिलं रेइश मागुश, म्हणजे पूर्वेकडून ताऱ्याच्या मागोमाग आलेले तीन राजे. वेदीमागच्या लाकडी कोरीव फळीवर ते राजे बाळापुढे भेटी घेऊन उभे आहेत. ६ जानेवारीच्या सणाला गावची पोरं अजूनही राजांचा वेष घेतात. नवख्या मुलखात पहिलंच चर्च बांधताना हजारो संतांमधून गोठ्यातली माणसं निवडणारा हा संघ आहे. म्हणून कोंकणपट्टीतला गोठा जेझुइटांच्या साष्टीपेक्षा बार्देशातून पसरला, असं मी मानतो. जेझुइटांचे पाठीराखे प्रागकडे बोट दाखवतील. पण १५६२ आधी की १५५५?

बार्देशातून घाट चढून माणसं खानापूर-बेळगावकडे आली. १५६० मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशन, जमिनीचे कर, १६८३ ची संभाजी महाराजांची स्वारी, १७३९ ची धामधूम, अशा अनेक कारणांनी ती लाटांमागून लाटांनी आली. घाटावर त्यांनी शेती धरली आणि ती इथली झाली. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला १९५३ साल उजाडलं. खानापूर रस्त्यावरचं पिरनवाडी याच वाटेवरचं.

आता कोंभ. या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त गुंतवलं आहे.

गोव्यात, मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत आणि आमच्या भागातही गोठ्यासाठी नाचणी पेरतात. मामींची रीत मी जवळून पाहिली. उथळ पत्र्याच्या ताटात बोटभर लाल माती चाळून घ्यायची, त्यात मुठीने शेणखत मिसळायचं, रात्रभर भिजवलेली नाचणी चिमटीने दाट पेरायची आणि वर ओलं पोतं टाकायचं. कोंभ वर आले की पोतं काढून ताट उन्हात. पेरणी ८ डिसेंबरच्या सुमारास. बेळगावच्या थंडीत नाचणी हळू वर येते, त्यामुळे नाताळपर्यंत बोटभर हिरवळ बरोबर साधते.

हे आलं कुठून? सगळ्यांच्या तोंडी येणारं उत्तर म्हणजे नवरात्राचा घट. परडीत काळी माती, सात धान्यं, नऊ दिवस. उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. घटाचं धान देवघराच्या अंधारात वाढतं आणि पिवळंधमक होतं. त्या पिवळेपणालाच मान, दसऱ्याला ते टोपीत खोवतात. गोठ्याच्या कोंभांना ऊन दाखवतात, कारण ते हिरवेच हवेत. शिवाय घटाची स्वतःची पूजा होते. गोठ्यातल्या नाचणीची कुणी पूजा करत नाही, ती बाळाच्या भोवतालचं रान असते.

दुसरं उत्तर पोर्तुगालचं आणि ते भक्कम आहे. दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह प्रांतात आणि मदेइरा बेटावर बाळ येशूच्या मांडणीत बशांमध्ये उगवलेले गव्हाचे कोंभ ठेवतात. आल्गार्व्हमध्ये त्यांची पेरणी होते ८ डिसेंबरला. हा दिवस निष्कलंक गर्भसंभव मातेचा. हा सण लावून धरला तो मुख्यतः फ्रान्सिस्कनांनी. त्यांच्यातल्या डन्स स्कोटसने त्यामागचं धर्मशास्त्र मांडलं आणि १४७६ मध्ये त्याला रोमची मान्यता दिली ती चौथे सिक्स्टस यांनी, तेही फ्रान्सिस्कन पोप. गोठा फ्रान्सिसचा, पेरणीचा दिवस फ्रान्सिस्कनांचा, बार्देश फ्रान्सिस्कनांचा. तीन धागे एका गाठीत येतात. हा योगायोग आहे असं मला तरी म्हणवत नाही.

यावर फ्रान्सच्या प्रोव्हान्सकडचा आक्षेप येतो. तिथे गहू पेरतात ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी. हंगेरी-क्रोएशियात १३ डिसेंबरला, संत लुसीच्या. मग फ्रान्सिस्कनांचं काय राहिलं? मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरचे अनुयायी आणखी मागे जातात. ग्रीक बायका अडोनिससाठी कुंड्यांत कोंभ उगवत, छोटा नागपूरचे मुंडा-उरांव जव उगवतात, सगळं एकाच प्राचीन पेरणीपूजेचं कूळ, असं ते मांडतात. अशा सिद्धांतात सगळं बसतं आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. कोंभ उगवायची हौस जगभर आहे, हे मान्य. पण पिरनवाडीत कोणती रीत कोणत्या वाटेने आली, हे तारखेने, धान्याने आणि मांडणीने ठरेल.

धान्याकडेच बघा. आल्गार्व्हमध्ये गहू चालतो, कारण तिथे बशी बाळाच्या पायऱ्यांवर बाजूला ठेवतात. आपल्याकडे कोंभ हेच कुरण असतं, त्यावर मेंढरं चरतात. तीन इंची मेंढपाळाशेजारी गहू लावला तर तो त्याच्या डोक्यावरून जाईल. लव्हाळीसारखी बारीक, दाट हिरवळ हवी आणि ती देते नाचणी. ही अक्कल आमच्या भागात आधीपासून आहे : दिवाळीच्या किल्ल्यात. दगड रचायचे, पोती टाकायची, चिखल लिंपायचा, त्यावर मोहरी, अळीव नाहीतर नाचणी पेरायची, मग बुरुजावर महाराज आणि पायथ्याला मावळे, गवळण, विहीर, गुहेत वाघ. बेळगावात गल्लोगल्ली हे किल्ले उठतात. महिन्या-दीड महिन्याने तीच पोरं तीच पोती घेऊन डोंगर रचतात, गुहेत वाघाऐवजी बाळ येतं. गवळण आणि विहीर जागच्या जागी राहतात.

इथे एक अडचण आहे. गोव्यात किल्ल्यांची अशी चाल नाही, तिथे नरकासुर, तरी गोठ्यात नाचणी आहेच. शिवाय मदेइरात खडकाळ डोंगराच्या आकाराचा गोठाही करतात, म्हणजे डोंगर रचायला किल्ल्याची गरज नाही. दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. माझं उत्तर असं : बार्देशच्या घरात नाचणी आली ती गहू महाग आणि नाचणी घरची म्हणून. घाटावर आल्यावर त्याच नाचणीचं किल्ल्यातल्यासारखं रान झालं. बशी बार्देशची, हिरवळ किल्ल्याची. आणि दोन्हींच्या तळाशी आहे ग्रेच्चोची वैरण. सुकं गवत मांडण्याऐवजी आमच्या लोकांनी ते उगवायला घेतलं. सण सरला की अनेक घरांत हे कोंभ शेळी-कोंबड्यांपुढे टाकतात. चेलानोच्या थॉमसने नोंदवलेली रीत याहून वेगळी नव्हती.

२०२३ मध्ये ग्रेच्चोला ८०० वर्षं झाली, तेव्हा जगभरच्या फ्रान्सिस्कन चर्चमधल्या गोठ्यांपुढे प्रार्थना करणाऱ्यांना रोमने खास क्षमादान जाहीर केलं. त्याची मुदत होती ८ डिसेंबर ते २ फेब्रुवारी. पुन्हा तीच तारीख!

आता बेळगावच्या बाजारात हिरव्या प्लास्टिकच्या गवताचे तुकडे मिळतात आणि पेरणी सोडून घरं त्याकडे वळताहेत. खानापूर, नंदगड, लोंढा, पिरनवाडी, मच्छे या पट्ट्यातल्या घरोघरच्या गोठ्यांची नोंद आत्ताच व्हायला हवी : धान्य कोणतं, पेरणीचा दिवस कोणता, ताट नवं की दिवाळीच्या किल्ल्यातलं, कोंभ शेवटी कुणाच्या तोंडी जातात, आणि बैलाला वशिंड आहे का. ज्यांच्या घरी अजून ८ डिसेंबरला पेरणी होते, त्यांनी आपल्या आजीला एवढंच विचारावं, की तिच्या माहेरी हाच दिवस होता का आणि ते माहेर घाटाखालचं की घाटावरचं.