'ळ' कुठे बसतो?

रिंगास्किडी म्हणजे कॉर्कच्या बंदराकाठचं छोटंसं गाव. औषधांचे कारखाने आणि फ्रान्सला जाणारी बोट, एवढीच त्याची ओळख. गेल्या हिवाळ्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, आजीच्या पाककृतींच्या वहीची स्कॅन केलेली पानं घेऊन बसलो. प्रत्येक फाइलला मराठी नाव दिलं, लिनक्सवर 'एलएस' ही आज्ञा दिली आणि आलेली यादी आईला फोनवर वाचून दाखवली : काला, काळा मसाला, काशी हलवा...

"अरे, काळा मसाला आधी कसा? ह, ळ, क्ष, ज्ञ विसरलास की काय?"

मी विसरलो नव्हतो. यंत्राला ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं!

युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या त्या पुस्तिकेत 'एलएस' आहे. नेहमीचा क्रम नावानुसार, आणि 'टी' जोडलं की नवी फाइल आधी, ही सोयही तेव्हापासूनची. पण यंत्राला अक्षरं कळत नाहीत, ते आकडे ताडून पाहतं. अमेरिकेच्या आस्की तक्त्यात मोठी इंग्रजी अक्षरं ६५ ते ९० आणि छोटी ९७ ते १२२. म्हणून छोटा 'ए' मोठ्या 'झेड'च्याही मागे!

देवनागरीचा तक्ता आपल्याकडे इस्की या नावाने झाला. सगळ्या भारतीय लिप्यांना मिळून एकच मांडणी, आणि तीत 'ळ' 'ल'च्या शेजारी. युनिकोडने १९९१ साली हीच मांडणी उचलली. त्यामुळे आज 'ल' २३५४, 'ळ' २३५५, 'व' २३५७ आणि 'ह' २३६१. आपल्या वर्णमालेतला शेवटच्या बाकावरचा 'ळ' असा मधेच येऊन बसला.

गंमत म्हणजे इथल्या आयरिश लोकांचंही तेच दुखणं. त्यांच्या कित्येक आडनावांच्या सुरुवातीला 'ओ' असतो, वर तिरकी रेघ असलेला. तिला ते 'फादा' म्हणतात. त्या 'ओ'चा आकडा २११, म्हणजे नुसते आकडे पाहिले तर ही सगळी मंडळी 'झेड'च्याही पलीकडे.

यावर उपाय आहे, त्याला लोकेल म्हणतात. त्यात क्रम आकड्यांवरून न लावता त्या त्या भाषेच्या नियमाने लावतात. युनिकोडच्या सीएलडीआर या नियमसंग्रहात मराठीचा 'ळ' 'ह'नंतरच आहे. पण हा नियम प्रत्येक यंत्रात, प्रत्येक आज्ञेमागे असतोच असं नाही. माझ्या यंत्रावर लोकेल 'सी' होतं, म्हणजे नुसते आकडे.

शेवटी आईने आजीच्या अनुक्रमणिकेतले क्रमांक सांगितले आणि मी ते नावांआधी घातले : ००१, ००२... पुढची शून्यं हवीतच, नाहीतर १० हा २च्या आधी येतो. आता यादी वहीसारखीच दिसते.

कुठलाही क्रम आपोआप लागत नाही, तो कुणीतरी ठरवलेला असतो. आपला आपण सांगितला नाही, तर दुसऱ्याचा चालतो, इतकंच.