तळटीप १२ : *ग्वेझ्दा

१२. *ग्वेझ्दा : ‘तारा’ या अर्थाचा आद्य-स्लाव्ह शब्द. आधीचे तारांकन सांगते की हे रूप कोणत्याही हस्तलिखितात सापडलेले नाही. नंतरच्या भाषांवरून ते पुन्हा रचले आहे.

साक्ष दुहेरी आहे. पोलिशमध्ये ‘ग्व्याझ्दा’, चेकमध्ये ‘ह्व्येझ्दा’ (तिथे जुन्या ‘ग’चा ‘ह’ झाला), तर रशियन आणि बल्गेरियनमध्ये ‘झ्वेझ्दा’. मूळचा ध्वनी ‘ग’ मानावा लागतो, कारण विशिष्ट ‘ए’पूर्वीच्या ‘ग्व’चा पूर्वेकडे व दक्षिणेकडे ‘द्झ्व’ आणि पुढे ‘झ्व’ झाला. पश्चिमेला तो टिकला. ‘फुलणे’ या अर्थाच्या शब्दांत हेच घडले : चेक ‘क्व्येत’, रशियन ‘त्स्व्येत’.

खरा पेच लिथुआनियनमधल्या ‘झ्वाइग्झ्दे’ने निर्माण होतो. लाटव्हियन ‘झ्वाइग्झ्ने’सह हे सख्खे भावंडच; पण त्यातला आरंभीचा ध्वनी नियमाने स्लाव्हमध्ये ‘झ’ व्हायला हवा, ‘ग’ नव्हे. एकाच शब्दात दोन सारखे घर्षक नकोत म्हणून पहिला बदलला, असे काही अभ्यासक मानतात. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, सर्वमान्य मात्र नाही. अपोलोच्या ‘फोइबोस’ (तेजस्वी) या ग्रीक विशेषणाशी सुचवलेले नाते त्याहून कच्चे.

मराठी ‘तारा’, फारसी ‘सितारा’, ग्रीक ‘आस्तेर’ आणि इंग्रजी ‘स्टार’ एकाच इंडो-युरोपीय शब्दातून आले. बाल्टिक व स्लाव्ह भाषांनी ताऱ्यासाठी तो जुना शब्द राखला नाही.