रौप्य मद्यपात्रे आणि त्यांवरील मुद्रा

मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु इंग्लंडातील धनिक ज्या रौप्यपात्रांतून मद्य प्राशन करीत, त्यांचा संग्रह करणाऱ्यांस इतिहासाचे एक विश्वसनीय साधन लाभते. त्याचा परिचय सुज्ञ वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

चांदीत हीण किती, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून पहिल्या एडवर्ड राजाने इ. स. १३०० मध्ये कायदा केला. हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असेल, तरच वस्तूवर बिबळ्याच्या मुखाची मुद्रा उमटू लागली. पुढे १४७८ पासून वर्षदर्शक अक्षराची व १५४४ पासून पाऊल उचललेल्या सिंहाची भर पडली. कारागिराची खूण निराळीच. पतीच्या निधनानंतर हेस्टर बेटमन या स्त्रीने १७६१ साली नोंदविलेली खूण संग्राहक आजही आवर्जून शोधतात.

मात्र जेथे नियम, तेथे पळवाटही असतेच. नाण्यांच्या कडा कातरून ती चांदी पात्रांसाठी वितळविली जाऊ लागली, तेव्हा १६९७ मध्ये पात्रांचा कस ९५८ पर्यंत वाढविण्यात आला. १७२० मध्ये जुना कस परत आला. पण त्यासोबत औंसामागे सहा पेन्सचा करही आला. तो चुकविण्यासाठी काही कारागीर लहान वस्तूवर मुद्रा मारून घेत व तेवढा तुकडा कापून मोठ्या पात्रास डाख देऊन बसवीत.

या पात्रांतील एका पेयाचा संबंध आपल्या किनाऱ्याशी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७२ ते १६८१ या काळात पूर्वेकडील देशांत हिंडला. गोव्याच्या नेरूळ गावच्या मद्याचा उल्लेख करताना, पाच पदार्थांच्या मिश्रणामुळे त्या पेयास 'पंच' म्हणतात, असे त्याने नोंदविले. त्याच पंचासाठी पुढे इंग्लंडात रुप्याची मोठमोठी घंगाळी घडली.

अशी जुनी पात्रे फार थोडी उरली. १६४३ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने युद्धखर्चासाठी ऑक्सफर्डच्या विद्यालयांकडून रौप्यपात्रे मागविली आणि वितळवून त्यांची नाणी पाडली. वाचलेल्या कित्येक झाकणदार पेल्यांना एकोणिसाव्या शतकात तोट्या जोडून त्यांचे चंबू करण्यात आले. वितळले ते नाहीसे झाले. जे बदलले त्याची साक्ष डागाळली. पूर्वजांची नावे कोरलेली भांडी मोडीत वजनावर घालण्यापूर्वी आपणही याचा क्षणभर विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.