कल्हई आणि कुकर

‘कुकर’ म्हटले की आज आपल्या कानांत शिट्टी वाजते. या शब्दाला एक अबोल पूर्वज आहे. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली ‘इकमिक कुकर’ घडवला. तळाशी निखारे, वाफेसाठी पाणी, वर एकावर एक डबे. भात, डाळ, भाजी मंद वाफेवर आपसूक शिजे.

असे डबे पितळी असले की त्यांची निगा म्हणजे कल्हई. नवसागर नि कथलाचा हात फिरला, की आंबट पदार्थ कळकत नसे. गळक्या जागी डाख देता येई, जळालेली जाळी नवी घडवता येई.

१९५९ साली मुंबईत हॉकिन्स कंपनी स्थापन झाली. प्रेशर कुकरची रबरी कडी सैलावली किंवा सुरक्षा-झडप वितळली, तर ती नवीच बसवावी लागते. दुरुस्ती म्हणजे खरेदी झाली. मृणाल गोरे आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून दिंडोशीत उभी राहिलेली नागरी निवारा वसाहत याच दुसऱ्या कुकरच्या काळातली.

म्हणूनच जुन्या डब्यावरची कल्हई आम्ही निव्वळ हौस मानत नाही. सुटा भाग दुकानात मिळतो. कल्हई करणारा हात एकदा गेला, की त्याच्या जागी बसवायला काही मिळत नाही.